नेट कधी येणार हे नेटवाल्याने नाही, चोराने कळवलं. माझे ८७,४८९ रुपये गेले

रक्कम आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचलं जाईल. ४९,९९९, मग २४,९९०, मग १२,५००. एकूण ८७,४८९ रुपये. दुपारी २.११ ते २.१७, सहा मिनिटांत तीन व्यवहार. मी घरून जीएसटीची विवरणपत्रं भरण्याचं काम करते. दुसऱ्यांच्या हिशेबातली रुपयाची तफावत शोधून काढते, आणि माझ्या हातून हे झालं. जिथे तक्रार द्यावी लागली ती ठिकाणं आणि नवरा सोडून महिनाभर कोणाला मोकळेपणाने सांगितलं नव्हतं. आता लिहिते आहे, कारण आमच्याच गल्लीत आणखी एकजण याच पद्धतीने फसले आणि ते टळू शकलं असतं.

तारीख १९ होती. २० तारखेपर्यंत थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायचं असतं, उशीर झाला की दिवसाला ५० रुपये दंड. अकरा पार्ट्यांचं काम बाकी होतं आणि सकाळी सव्वादहाला नेट गेलं. भिंतीवरच्या नेटच्या डबीवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल नसल्याचा, लाल दिवा लुकलुकत होता. घरात मोबाइलची रेंज जेमतेम एक काडी, हॉटस्पॉटवर पोर्टल उघडता उघडत नाही. नेटवाल्याला सात फोन केले. पहिले दोन वाजत राहिले, नंतरचे सगळे व्यस्त.

हा आमचा नेटवाला मुळात केबलवाला. परवाना दुसऱ्याच कंपनीचा, हा तिचा इथला भागीदार. चार वर्षांत त्याच्याकडून एकच मेसेज वेळेवर आला आहे: पॅक संपायला सात दिवस उरले, सहा महिन्यांचे ३,५४० भरा. लाइन तुटली, खोदकामात फायबर कापली, रात्री काम चालणार आहे, यातलं काहीही कधी कळवलेलं नाही. व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे, त्यात सणाच्या शुभेच्छा येतात. बाकी आम्ही गिऱ्हाइकंच एकमेकांना विचारत असतो, "तुमच्याकडे आहे का हो?" मीही त्या दिवशी १०.४० ला ग्रुपवर लिहिलं, "आमच्या गल्लीत सकाळपासून बंद आहे, कोणी सांगेल का कधी येणार?" नेटवाल्याकडून शब्द नाही.

१.५२ ला उत्तर आलं, पण ग्रुपवर नाही, थेट माझ्या नंबरवर. डीपीला नेटवाल्याचंच बोधचिन्ह. "नमस्कार मॅडम. आपल्या भागात फायबर बदलण्याचं काम सुरू असल्याने सेवा बंद आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व. ४ वाजेपर्यंत टप्प्याटप्प्याने सुरू होईल. आपलं कनेक्शन पहिल्या टप्प्यात घेण्यासाठी खालील ॲपमध्ये नोंदणी करा." खाली एक एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरशिवाय थेट फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल.

मला किती बरं वाटलं, ते सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. कोणीतरी कारण सांगितलं, वेळ सांगितली, माफी मागितली. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते सगळं त्या एका मेसेजात होतं. ज्या माणसाने कधी फोन उचलला नाही तो एकदम "गैरसोयीबद्दल क्षमस्व" कसा म्हणेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

फाइल दाबल्यावर फोनने बजावलं की हे ॲप अनोळखी ठिकाणचं आहे. मी "तरीही इन्स्टॉल करा" दाबलं. मग त्याने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. नोंदणीच्या ॲपला माझे एसएमएस कशाला हवेत? पुढे नाव, पत्ता, आणि "पडताळणी शुल्क १० रुपये, फक्त डेबिट कार्डाने". मी कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे टाकले.

इथेच मी थांबायला हवं होतं, आणि या एका गोष्टीसाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. १० रुपये. शुल्क म्हटलं की त्यावर १८ टक्के जीएसटी आला, ११ रुपये ८० पैसे व्हायला हवेत. हे मी रोज करते. याच नेटवाल्याचं बिल, ३,००० अधिक ५४०, मीच खर्चात टाकते. गोल दहाचा आकडा समोर होता आणि माझ्या मनात फक्त उद्याची २० तारीख होती. आणि तो लाल दिवा! एलओएस लाल म्हणजे डबीपर्यंत उजेडच पोहोचत नाही, तार कुठेतरी तुटली आहे. तुटलेली तार माझ्या नोंदणीने कशी जोडली जाणार?

"प्रक्रिया सुरू आहे, फोन बंद करू नका" असं एक चक्र फिरत राहिलं. बँकेचे ओटीपी येत होते, ते ॲप परस्पर वाचत होतं आणि मला एकही दिसला नाही. मी कोणालाही ओटीपी सांगितलेला नाही. हे ठळक लिहिते, कारण बँकेतला प्रत्येक माणूस मला हेच ऐकवतो की "मॅडम, तुम्हीच दिला असणार."

२.४० ला गच्चीत जाऊन हॉटस्पॉटवर मेल उघडला तेव्हा बँकेचे तीन मेल दिसले. आधी फोन फ्लाइट मोडवर टाकला, मग नवऱ्याच्या फोनवरून कार्ड बंद केलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर याच क्रमाने करा. ॲप ज्या फोनमध्ये आहे त्यावरून पासवर्ड बदलत बसू नका, नवा पासवर्डही त्याच चोराला मिळेल. २.५२ ला १९३० लावला, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. तिसऱ्या प्रयत्नात लागला, व्यवहार क्रमांक घेतले, पोचपावतीचा क्रमांक दिला. तेवढं काम त्यांनी केलं. १२,५०० पुढे जाण्याआधी गोठवले गेले असं नंतर कळलं. ते अजून माझ्या खात्यात आलेले नाहीत.

बाकीच्यांचं काय सांगू. पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरला जा. सायबर ठाणं जिल्ह्याच्या गावी, जाऊन-येऊन पूर्ण दिवस. तिथे म्हणाले, तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात द्या. परत आले तर ठाण्यातल्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "शिकलेल्या दिसता, मग फाइल कशाला उघडली?" मी तिथे गुन्हेगार म्हणून उभी नव्हते! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीबाहेरचीही घ्यावी लागते, झिरो एफआयआर म्हणतात ते हेच. मी कलमाचा आकडा सांगितल्यावर साहेबांनी तक्रार अर्जावर शिक्का मारून दिला. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. त्यावर समाधान मानू नका, एफआयआरची प्रत मागा.

बँकेने पाचव्या दिवशी लेखी दिलं की योग्य ओटीपीने व्यवहार झाले, सबब जबाबदारी ग्राहकाची. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. अनधिकृत व्यवहारात चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. मॅनेजरनी कागद न वाचता परत सरकवला आणि म्हणाले, "हे वरच्या ऑफिसला पाठवा." वरचं ऑफिस म्हणतं, शाखेत द्या. कार्ड मी भरलं, परवानगी मी दिली, हे मी नाकारत नाही. पण जिथे वर्षभरात पाच हजारांच्या वर कधी काही गेलं नाही त्या कार्डावरून सहा मिनिटांत पाऊण लाखाच्या वर जातात आणि बँकेला एक फोन करावासा वाटत नाही?

सर्वांत जास्त राग मात्र नेटवाल्याचा. त्या दिवशी रात्री साडेनऊला हिरवा दिवा लागला, तेव्हाही मेसेज नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात गेले. "आमच्याकडून असा मेसेज जात नाही." मी म्हटलं, "तुमच्याकडून कोणताच जात नाही, म्हणून तर त्याचा खरा वाटला." सगळ्यांचे नंबर दिसणारा ग्रुप, आणि त्याची लिंक बिलाच्या मागे छापलेली, कोणीही आत यावं. मी १०.४० ला काय लिहिलं ते चोराने तिथेच वाचलं असणार, दुसरी वाट मला तरी दिसत नाही. मी तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागितला. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२ च्या नियमांप्रमाणे तो द्यावाच लागतो. काउंटरवरच्या मुलाने हा शब्द पहिल्यांदाच ऐकला होता.

मी एवढंच मागितलं, की ग्रुपवर एक ओळ टाका: आम्ही कधीही फाइल पाठवत नाही. मालक म्हणाले, "गिऱ्हाईक घाबरतील ताई, धंद्यावर परिणाम होतो." मग मीच लिहिलं. अर्ध्या तासात ॲडमिनने माझा मेसेज काढून टाकला. चौथ्या दिवशी पलीकडच्या इमारतीतल्या निवृत्त सरांचे १८,२०० गेले. मेसेज तोच, वेळ फक्त ४ च्या जागी ६. सरांनी माझा मेसेज पाहिलाच नव्हता.

कंपन्यांचे खरे एसएमएस साध्या दहा आकडी नंबरवरून येत नाहीत, सहा अक्षरी नावाने येतात आणि शेवटी इंग्रजी एस, पी, टी किंवा जी असतं: सेवा, जाहिरात, व्यवहार, सरकारी. व्हॉट्सॲपवर बोधचिन्ह कोणीही लावतं, ते पाहून विश्वास ठेवू नका. पैसे गेले नसतील पण असा मेसेज आला असेल तर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरच्या चक्षू या तक्रार-सोयीत कळवा. गेले असतील तर आधी १९३०, नंतर रडा. आणि तुमच्यापैकी कोणी नेटचा धंदा करत असेल तर ग्रुप बंद करा, चॅनल काढा, त्यात एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. लाइन तुटली की दोन ओळी टाका. याला पैसा लागत नाही.

बँकेकडे तक्रार देऊन ३० दिवस झाले, परवा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला. सरांचा अर्जही मीच भरून दिला. या नेटवाल्याच्या आणखी तिघांचे पैसे गेल्याचं कानावर आहे, पण लाजेपोटी कोणी पुढे येत नाही. १९३० ची पोचपावती आणि तो मेसेज, दोन्हींचे फोटो जपून ठेवा आणि मला कळवा. पुढच्या सोमवारी मी पुन्हा ठाण्यात जाणार आहे, एफआयआरची प्रत घेतल्याशिवाय उठणार नाही. सर बरोबर येणार आहेत.