पदार्थांतराची ऑन्टॉलॉजी : प्रोव्ह-ओ, बीएफओ की छोटा नमुना?

पदार्थातला बदल संगणकासाठी मांडायचा, म्हणजे त्यातल्या संकल्पना आणि त्यांचे परस्परसंबंध यांची काटेकोर मांडणी (ऑन्टॉलॉजी) करायची ठरवली, की पहिला प्रश्न वस्तूच्या ओळखीचा येतो: बदलानंतर वस्तू तीच राहिली, की जुनी संपून नवी झाली? चुन्याचेच पाहा. १०० किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली, तर ५६ किलो कळीचा चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो. पाणी घालताच कळी तापते, फुटते आणि चुना विरतो. आणि भिंतीवर तोच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. रसायन तेच झाले, तरी गिलावा म्हणजे खाणीतला दगड नव्हे.

हे मांडायला तीन पर्याय पाहू. पहिला प्रोव्ह-ओ, म्हणजे कोणती गोष्ट कशातून आणि कशी तयार झाली हे नोंदवण्याची ऑन्टॉलॉजी. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेची ही २०१३ची शिफारस शिकायला सर्वांत सोपी आहे. मात्र चुनखडी आणि भट्टी या दोन्ही तिच्या लेखी 'वापरलेल्या'च ठरतात. एखादी वस्तू संपल्याची नोंद करण्याची सोय तिच्यात आहे, पण ती ऐच्छिक असल्यामुळे काय खर्ची पडले आणि काय शिल्लक राहिले, हे लिहिणाऱ्याच्या काटेकोरपणावर अवलंबून राहते.

दुसरा पर्याय बीएफओ (बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजी), म्हणजे कोणत्याही क्षेत्राला पायाभूत ठरणाऱ्या अगदी सामान्य वर्गांची ऑन्टॉलॉजी. तिला २०२१ पासून आयएसओ मानकाचा दर्जा आहे. टिकून राहणारी वस्तू आणि घडणारी प्रक्रिया यांची तिने केलेली फारकत मला फार मोलाची वाटते, कारण 'गिलावा तोच, टणकपणा वाढला' हे तिच्यात नेमके सांगता येते. अडचण काळाची आहे: ओडब्ल्यूएल या ऑन्टॉलॉजी लिहिण्याच्या भाषेतला संबंध दोनच टोकांचा असल्याने, म्हणजे त्यात वेळेला तिसरी जागा नसल्याने, 'आज ओला, महिन्याने टणक' हे मांडायला आडवळण घ्यावे लागते, आणि नवख्या गटाचा त्यात बराच वेळ जातो.

तिसरा पर्याय म्हणजे पदार्थांतरापुरता छोटा नमुना, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारा ऑन्टॉलॉजीचा साचा, ज्यात संपणारे, तयार होणारे आणि कामी येऊनही तसेच राहणारे अशा तीन भूमिका वेगळ्या ठेवलेल्या असतात. प्रक्रियांची साखळी नोंदवायची असेल तर मी हाच निवडेन आणि तो प्रोव्ह-ओशी जोडून घेईन. बीएफओवर आधारलेल्या इतर ऑन्टॉलॉजींशी विदा जुळवायची असेल, तरच तिचा भार उचलावा. नमुना घेतानाही भूमिका वर्गात कोंबू नये. 'कळीचा चुना' हा 'उत्पादना'चा उपवर्ग केला, तर भट्टीपुरते ते खरे ठरते. पण चुना विरवण्याच्या टाकीपाशी तीच कळी कच्चा माल असते.