सारे वाघाच्या माथी नको : पेंचमधील एका अभ्याससहलीविषयी

नागपुरातील एका खासगी संस्थेने मार्चमध्ये काढलेल्या 'शिकारी आणि शिकार' या अभ्याससहलीला आम्ही दोघे नवरा-बायको गेलो होतो. आदल्या संध्याकाळी धरमपेठेत दीड तासाचे सादरीकरण आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पेंच व्याघ्र प्रकल्पात सिल्लारी गेटमधून जिप्सीची फेरी, असा कार्यक्रम होता. त्यासाठी माणशी साडेतीन हजार रुपये घेतले. वाघ दिसला का, हे सगळेच विचारतात म्हणून आधीच सांगतो : दिसला, पाठमोरा, जेमतेम अर्धा मिनिट. मात्र सहलीचा विषय वाघ जंगलात नेमके कोणते काम करतो हा होता, तेव्हा अभिप्रायही त्याच अंगाने द्यायला हवा.

सादरीकरण फसले. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1926 पर्यंत लांडगे संपवले गेले, 1995-96 मध्ये कॅनडातून 31 लांडगे आणून सोडले, मग विलोची झुडपे खाणारी एल्क हरणे घटली, ती झुडपे वाढली, ओढ्यांवर फांद्यांचे बांध घालणारे बीव्हर हे प्राणी परतले आणि नद्यांनीसुद्धा वळण बदलले, अशी गोष्ट वक्त्यांनी पार्श्वसंगीतासह रंगवली. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. एल्क घटण्यात उद्यानाबाहेर माणसांनी केलेल्या शिकारीचा, अस्वलांचा आणि प्यूमांचाही वाटा होता. शिवाय बीव्हरांचे बांध नाहीसे झाल्यावर जेथे ओढ्यांची पात्रे खोल गेली आणि भूजल खालावले, तेथे लांडगे येऊनही विलो फारशी सावरली नाही. एका विद्यार्थिनीने नेमके हेच विचारले, तेव्हा 'तो तांत्रिक मुद्दा आहे' असे सांगून तिला बसवले गेले, हे खटकले. या विषयातला अधिक स्वच्छ पुरावा, म्हणजे अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी 1963 पासून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील खडकांवर केलेला प्रयोग, वक्त्यांनी उल्लेखलाही नाही. पेन यांनी तेथील तारामासे वेचून दूर फेकले. त्यांचे भक्ष्य असलेल्या शिंपल्यांनी हळूहळू सगळी जागा बळकावली आणि 15 जातींपैकी 8 उरल्या.

दुसऱ्या दिवशीच्या गाइडने मात्र पैसे वसूल करून दिले. तोतलाडोह जलाशयाचे पाणी ओसरलेल्या काठावर हिरव्या गवतात चितळांचा मोठा कळप चरत होता. तेथील गवत अगदी बोटभर उंचीचे उरले होते, तर पलीकडे नाल्यालगत कमरेइतके गवत जसेच्या तसे उभे होते. वाघाच्या भीतीने चितळे तिकडे जात नसावीत, असा निष्कर्ष मी उत्साहाने काढला. गाइड हसून म्हणाला, "सर, ते कुसळीचं गवत आहे. वाळलं की चितळ तसंही तोंड लावत नाही. झाडी दाट आहे, तिथं वाघ दबा धरतो, हेही खरं. पण सारं वाघाच्या माथी नका मारू." दीड तासाच्या सादरीकरणात जे हरवले होते, ते या चार वाक्यांत होते.

त्याच गाइडने पुढे समजावले की वाघाचा भर सांबर, रानगवा अशा मोठ्या जनावरांवर असतो, रानकुत्र्यांची टोळी मुख्यतः चितळांमागे लागते, आणि बिबट्या वाघाला टाळत जंगलाच्या कडेला सरकतो, म्हणून गावातली कुत्री आणि शेळ्या त्याच्या तोंडी जातात. एक वाघ वर्षाला साधारण 50 मोठी जनावरे मारतो. उरलेल्या मासावर रानडुकरे, कोल्हे आणि किडे जगतात. पण किती वाघ टिकतील हे शेवटी चितळ-सांबरांच्या संख्येवर, म्हणजे गवतावर आणि पाण्यावर ठरते, हा मुद्दा त्याने पुन्हा पुन्हा मांडला. वाघ असूनही त्याच्या शेतात रोही (नीलगाई) आणि रानडुकरे येतात, हेही त्याने लपवले नाही. नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयात वाघ आणि चितळ वेगवेगळ्या कुंपणांत पाहिलेल्या मुलांना ही फेरी आवर्जून घडवावी, असे मला वाटते.

व्यवस्था ठीकठाक होती. गाडी वेळेवर निघाली. परतताना मनसरला मिळालेले तर्री-पोहे उत्तम होते, चहा गार होता. एका जिप्सीत सहाजण बसवल्यामुळे मागच्यांना गाइडचे बोलणे धड ऐकू येत नव्हते.

सादरीकरणाला पाचपैकी दोन आणि फेरीला साडेचार गुण देईन. संस्था दोन्हींचे पैसे एकत्रच घेते, त्यामुळे नोंदणी करतानाच गाइडच्या लगेच मागची जागा मागून घ्यावी.