नव्या निकषांचा २५ केव्हीए डिझेल जनरेटर : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

सहा महिन्यांपूर्वी ऐन कामाच्या वेळी जनरेटरच्या पॅनेलवर फिल्टरचा पिवळा दिवा चौथ्यांदा लागला. थोड्याच वेळात तो लाल झाला, इंजिन बंद पडले आणि लेथवर चढवलेला जॉब अर्धवट राहिला. त्याच रात्री मी तक्रार म्हणून हे लिहायला बसलो होतो. आज त्यातला बराच मजकूर मी खोडला आहे. एक भाग मात्र मागे घ्यावा असे अजूनही वाटत नाही.

१ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या (सीपीसीबी) सीपीसीबी-४ प्लस निकषांत १९ ते ५६ किलोवॅटच्या इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइड आणि हायड्रोकार्बन यांची एकत्रित मर्यादा प्रति किलोवॅट-तास ४.७ ग्रॅम अशीच राहिली, पण धुरातील कणांची मर्यादा ०.३ वरून थेट ०.०३ ग्रॅमवर आली. त्यामुळे माझ्या इंजिनात कॉमन रेल (उच्च दाबाने डिझेल फवारणारी यंत्रणा) आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाबरोबर काजळी अडवणारा फिल्टरही आला. त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. जुन्या यंत्राच्या धुराड्यासमोरची भिंत वर्षभरात काळी होत असे. ती रंगवून चौदा महिने झाले, तरी रंग जसाच्या तसा आहे. धुराड्याच्या आतून बोट फिरवले तर ते कोरडे आणि स्वच्छ निघते. एवढ्यासाठी तरी हे यंत्र मला मनापासून आवडते.

मग दिवा का लागत होता? सर्व्हिसला आलेल्या इंजिनिअरने पाहताक्षणी डिझेलमध्ये भेसळ असल्याचे सांगितले. मी पंपाच्या सगळ्या पावत्या पुढे ठेवल्या, आवाज चढला आणि शेवटी कंट्रोलरमधील नोंदी लॅपटॉपवर उघडाव्याच लागल्या. तेव्हा कळले की माझे यंत्र निम्म्याहून अधिक तास चार किलोवॅटच्या आतच चालले होते, म्हणजे क्षमतेच्या (२५ केव्हीए म्हणजे सुमारे २० किलोवॅट) २० टक्क्यांहूनही कमी लोडवर. इतक्या कमी लोडवर धूर पुरेसा तापत नाही, फिल्टरमधली काजळी आपोआप जळत नाही आणि ती साचून धूर बाहेर पडायला अडतो व इंजिनावर उलटा दाब वाढतो. मग इंजिन जादा डिझेल सोडून फिल्टर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवते आणि काजळी जाळते. यालाच रीजनरेशन म्हणतात.

या जादा डिझेलचा मला सर्वाधिक राग आहे, आणि तो खर्चापुरता नाही. एके सकाळी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) पुसून पुन्हा घातली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर आलेले होते आणि त्याला डिझेलचा वास येत होता. सिलिंडरच्या भिंतीवरून न जळलेले डिझेल खाली उतरून ऑइलमध्ये मिसळत होते. ऑइल कमी झाले तर माणूस घाबरतो. वाढले तर त्याच्या लक्षातही येत नाही. पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंग किती लवकर झिजते, हे यंत्रावर काम करणाऱ्यांना सांगायला नको.

त्यानंतर कॉम्प्रेसर आणि पाण्याची मोटर मी मुद्दाम एकाच वेळी चालवू लागलो आणि रात्रीचे दिवे, पंखे बॅटरी-इन्व्हर्टरवर टाकले. जनरेटर आता कमी तास चालतो, पण ४५ ते ५० टक्के लोडवर चालतो. सहा महिन्यांत दिवा एकदाही लागलेला नाही, म्हणून इंजिनावरचा माझा आरोप मी मागे घेतो.

विक्रेत्यावरचा मागे घेत नाही. खरेदीच्या वेळी त्याने सर्वात मोठी मोटर कोणती आणि ती सुरू होताना किती करंट घेते, हे बारकाईने विचारले. सर्वात कमी लोड किती आणि किती तास, हे एका शब्दानेही विचारले नाही. मोटरला सॉफ्ट स्टार्टर (सुरू होतानाचा करंट कमी ठेवणारे उपकरण) लावून मला १५ केव्हीए पुरला असता. त्या यंत्राचे इंजिन १९ किलोवॅटच्या आतले असते आणि त्या गटात कणांची मर्यादा अजूनही ०.३ ग्रॅमच आहे, म्हणजे बहुधा फिल्टरची गरजच पडली नसती. भिंत पुन्हा काळी झाली असती, हे मला मान्य आहे. पण ती निवड समजून-उमजून मी करायला हवी होती.

आता राहिला राखेचा प्रश्न. काजळी जळते, पण इंजिन ऑइलमधून येणारी राख फिल्टरमध्येच राहते आणि ती कधीतरी फिल्टर उतरवून काढावी लागते. म्हणून मी कमी राखेचेच ऑइल घालतो आणि दर आठवड्याला चालू तास, सरासरी लोड व डिपस्टिकवरची पातळी वहीत लिहून ठेवतो. गेल्या सोमवारी पातळी दोन खुणांच्या बरोबर मध्ये होती.