दहनासाठी पेटी कोणती घ्यावी: पुठ्ठा, लाकूड की भाड्याची?

अमेरिका-ब्रिटनसारख्या देशांत दहन करायचं ठरलं की शवपेटीचा प्रश्न येतो, आणि तोही नेमका नको त्या वेळी. समोर कॅटलॉग उघडा असतो, त्यात पॉलिश केलेलं ओक नि महोगनी, आत सॅटिनचं अस्तर. घरात कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. अशा वेळी पहिल्या पानापासून चाळत बसू नये. दहनाआधी लोक अंत्यदर्शन घेणार आहेत का, एवढं घरच्यांनी आपसात ठरवून घ्यावं. त्या उत्तरावर अर्धा कॅटलॉग बाद होतो.

पेटीला कामं दोन असतात. दर्शनाला नीटनेटकं दिसणं हे एक, आणि देह भट्टीत व्यवस्थित पोहोचवणं हे दुसरं. दुसऱ्या कामाला फारसं काही लागत नाही. पेटी पूर्ण जळणारी हवी, तळ ताठ हवा, ओल बाहेर झिरपू नये आणि वरून झाकता यावी. आत तापमान साधारण ७६० ते ९८० अंश सेल्सिअस असतं आणि दहनाला दीड ते तीन तास लागतात. तिथे महागडं लाकूड काही जास्तीचं काम करत नाही. उलट जाड, जड लाकूड जळायला वेळ घेतं.

धातूच्या पेट्या दफनासाठी. दहनाला त्या बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. जस्ताचं अस्तर, पीव्हीसी, फायबरग्लास यांचंही तेच.

आता खरी निवड. दर्शन नसेल किंवा घरच्या दोनचार जणांपुरतं असेल, तर पुठ्ठ्याची पेटी पुरते. ‘पुठ्ठा’ म्हटल्यावर माणसं बिचकतात. सामानाचं खोकं डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात तो जाड, थरांचा, आतून ओल न झिरपणारा असतो, आणि बऱ्याच पेट्यांना खाली प्लायवूडची फळी असते. ती फळी आहे का, हे मात्र विचारायलाच हवं. भट्टीचं दार उघडल्यावर पेटी रुळांवरून किंवा खाली ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्यांवरून आत सरकवतात, आणि ते झटपट करावं लागतं. तळ वाकला तर काम अडतं. देह वजनदार असेल तर माझं मत सरळ आहे: पुठ्ठ्याचा हट्ट सोडा, साध्या प्लायवूडची किंवा बिनपॉलिशच्या पाइनची पेटी घ्या. फार रुंद पेटी भट्टीच्या दारातून जात नाही, म्हणून पेटीची बाहेरची रुंदी दहनगृहाला आधीच कळवलेली बरी.

अमेरिकेत या बाबतीत ग्राहकाची बाजू भक्कम आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेचा अंत्यविधी सेवांसाठीचा नियम, म्हणजे फ्युनरल रूल, १९८४ पासून लागू आहे. त्यानुसार थेट दहनासाठी, म्हणजे दर्शन किंवा विधी न करता होणाऱ्या दहनासाठी, नेहमीची शवपेटी घ्यायलाच हवी असं सांगता येत नाही, आणि अशी सेवा देणाऱ्याला पुठ्ठा किंवा कच्च्या लाकडासारखा साधा पर्याय उपलब्ध ठेवावा लागतो. पेटी दुसरीकडून आणली तर हाताळणीचं वेगळं शुल्कही लावता येत नाही. इतर देशांत नियम वेगळे, पण ‘सगळ्यात साधी पेटी दाखवा’ असं म्हणायला कुठेच बंदी नाही. कॅटलॉगमध्ये ती बहुधा शेवटच्या पानावर असते.

बरीच माणसं दर्शनाला येणार असतील तेव्हा गणित बदलतं. एक पर्याय भाड्याच्या पेटीचा. बाहेरचा सांगाडा चांगल्या लाकडाचा, आणि आत पुठ्ठ्याची किंवा प्लायवूडची वेगळी पेटी, स्वतःच्या नव्या अस्तरासकट. दर्शन झालं की पायाकडची फळी उघडून आतली पेटी बाहेर ओढतात आणि तीच दहनाला जाते. देहाचा बाहेरच्या लाकडाला स्पर्श होत नाही. ‘वापरलेली पेटी’ म्हणून नाक मुरडणाऱ्या नातेवाइकांना एवढं समजावलं तरी पुरतं. आतली पेटी भाड्यात धरलेली आहे की वेगळी, आणि अस्तर दर वेळी नवं असतं का, या दोन गोष्टी लेखी घ्याव्यात.

दुसरा पर्याय, साधी लाकडी पेटी विकत घेऊन तीच दहनाला देणं. भाडं म्हणजे स्वस्त असं आपण धरून चालतो, पण दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. साध्या पाइनपेक्षा भाडं जास्त निघालं तरी आश्चर्य वाटायला नको. आणि साधी पेटी दर्शनाला वाईट दिसते असंही नाही. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेसमंड टूटू यांनी मिळेल ती सगळ्यात स्वस्त पेटी हवी असं आधीच सांगून ठेवलं होतं. १ जानेवारी २०२२ ला केपटाउनच्या कॅथीड्रलमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला तो दोरीच्या कड्या लावलेल्या साध्या पाइनच्या पेटीत. पुढचा संस्कार आगीने नव्हे, पाणी आणि अल्कलीच्या पद्धतीने झाला. त्या पद्धतीत लाकूड विरघळत नसल्यामुळे पेटी आत जातच नाही. म्हणजे तिथे पेटीचा संबंध फक्त दर्शनाशी.

ब्रिटनमध्ये सर्रास मिळणाऱ्या पेट्या एमडीएफ किंवा चिपबोर्डच्या, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्यांच्या असतात, वर लाकडाचा पातळ पापुद्रा. पितळी दिसणाऱ्या कड्या हातात घेऊन बघा, बऱ्याचदा त्या मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या निघतात. यात फसवणूक नाही, धातू आत जाऊ नये म्हणूनच ती सोय. फक्त पितळेचे पैसे मोजू नका.

विलो, बांबूच्या विणलेल्या पेट्या देखण्या असतात. नुसत्या कापडात गुंडाळूनही दहन होऊ शकतं. दोन्हींना खाली ताठ फळी लागते आणि दहनगृहाची आधी संमती लागते. ती मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत.

पेटी कुठलीही असो, आत काच, बाटली, मोबाइल, बॅटरीवर चालणारं काहीही ठेवायचं नाही. पेसमेकर असेल तर तो आधी काढावाच लागतो, नाहीतर उष्णतेने त्याचा स्फोट होतो. कुटुंबाला माहीत असतं पण गडबडीत सांगायचं राहून जातं.

अस्थिकलशाची मात्र घाई कशाला? राख साध्या तात्पुरत्या डब्यात मिळते आणि त्यात ती कितीही दिवस सुरक्षित राहते. कलश महिन्याने घेतला तरी चालतं. मापाचा ढोबळ हिशोब असा: देहाच्या दर पौंडामागे एक घन इंच, म्हणजे ७० किलोंच्या माणसाला साधारण अडीच लिटर. नेहमीचा मोठा कलश २०० घन इंचांचा, म्हणजे सव्वातीन लिटरांच्या आसपास असतो. राख हाडांची असते, त्यामुळे उंच, सडपातळ माणसाची राख अंदाजापेक्षा जास्त भरू शकते. थोडा मोठाच घ्या. कलश भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायचा असेल तर कोनाड्याचं आतलं माप आधी. पाण्यात सोडायचा असेल तर मिठाचा किंवा कागदाच्या लगद्याचा विरघळणारा मिळतो.

विमानाने न्यायचा असेल तर जाड धातूचा किंवा दगडी कलश टाळा, कारण तपासणीच्या यंत्राला त्याच्या आतलं दिसत नाही. अमेरिकेतल्या विमानतळांवर सुरक्षा कर्मचारी असा कलश उघडत नाहीत, अगदी तुम्ही स्वतः उघडा म्हटलं तरी. आतलं दिसलं नाही तर तो मागेच राहतो. प्रवासापुरती राख लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात न्यावी, दहनाचं प्रमाणपत्र सोबत ठेवावं आणि हवा तो कलश पोहोचल्यावर घ्यावा.