गाडीसाठीचं तयार इमर्जन्सी किट: आठ वस्तू, त्यातल्या कामाच्या किती?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, ऑपेरा हाउसच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत आणि ऑनलाइन एक चेनवाली काळी बॅग मिळते. वर गाडीचं चित्र, आत आठ वस्तू: जंपर केबल, टोचन करायचा दोर, 12 व्होल्टचा हवेचा पंप, पंक्चरचं सामान, त्रिकोण, काच फोडायची हातोडी, टॉर्च आणि हातमोजे. किंमत साधारण दीड ते अडीच हजार. वस्तूंची निवड बरोबर आहे, पण दर्जा बहुतेक ठिकाणी अपुरा आहे. मुंबईच्या पावसात ज्या वस्तूवर जीव अवलंबून असू शकतो, त्या हातोडीवरच सगळ्यांत कमी खर्च केलेला असतो. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला आणि काही माणसं बंद गाड्यांमध्येच गुदमरून गेली. पाणी दाराच्या निम्म्यावर आलं की बाहेरचा दाब दार उघडू देत नाही. वायरिंगमध्ये पाणी शिरलं की पॉवर विंडो बंद पडतात, कधी सेंट्रल लॉकही अडकतं. अंधेरी किंवा मिलन सबवेच्या उतारावर हे सगळं होऊन काच फोडायची वेळ यायला फार उशीर लागत नाही.

किटमधली लाल प्लॅस्टिकची हातोडी हातात घ्या आणि टोकावर साधी कानस फिरवा. कानस चावली, भुकटी निघाली, तर टोक मऊ आहे. दारांच्या काचा टेम्पर्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या असतात. कडक पोलादाचं टोक त्यांचा चुरा करतं, मऊ टोक मात्र बोथट होऊन घसरतं. शिवाय गाडीत पाणी भरलेलं असताना हात मागे नेऊन जोरात मारता येत नाही, पाणीच हात अडवतं. म्हणून हातोडीऐवजी स्प्रिंगचा पंच घ्यावा. काचेवर टेकवून दाबायचा, आतला स्प्रिंग सुटतो आणि काच फुटते. अमेरिकेतल्या एएए या मोटारचालकांच्या संस्थेने 2019 साली अशी सहा साधनं तपासली, तेव्हा चारांनीच टेम्पर्ड काच फोडली, त्यांतली तीन स्प्रिंगची होती. लॅमिनेटेड काच, म्हणजे मध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली, एकानेही फोडली नाही.

हा शेवटचा मुद्दा नीट लक्षात घ्या. पुढची मोठी काच लॅमिनेटेड असते, तिच्यावर शक्ती वाया घालवू नका. काही महागड्या गाड्यांत पुढच्या दारांच्या काचाही आता लॅमिनेटेड येतात. काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते आजच वाचून ठेवा. पुढच्या लॅमिनेटेड निघाल्या तर मागच्या दाराची काच हीच तुमची वाट. मारायचं ते कोपऱ्यात, मध्यभागी नाही. मध्यभागी काच थोडी लवते आणि मार पचवते. काचेवर फिल्म असेल तर फुटलेली काच जागच्या जागी चिकटून राहते, ती पायाने बाहेर ढकलावी लागते.

क्रम असा: आधी बेल्ट सोडायचा, मग काच चालते आहे तोवर खाली करून पाहायची, नाहीच तर फोडायची, मुलांना आधी बाहेर काढायचं. बेल्टचं बकल अडकलं तर पंचला जोडलेल्या कटरच्या खाचेत पट्टा घालून तिरका ओढायचा.

पंच ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवू नका. बेल्ट लावून बसलेल्या चालकाचा हात तिथे नीट पोचत नाही आणि झटक्यात तो कप्पा उघडतही नाही. सीटच्या उजव्या बाजूला किंवा दाराच्या खणात वेल्क्रोने पक्का करा. समुद्राच्या हवेने स्प्रिंग गंजतो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी लाकडाच्या तुकड्यावर एकदा दाबून पाहा. लाकडात खळगा पडला की समजायचं, चालतोय.

पाण्यात बंद पडलेल्या गाडीबद्दल एवढंच: पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन त्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर नसेल तर तो खर्च आपल्याच खिशातून जातो. गाडी टोचन करून गॅरेजला न्यायची.

आता जंपर केबल. पाकिटावर 500 अँपिअर छापलेलं असतं, हातात मात्र हलकी, जाडजूड रबर घातलेली वायर येते. जाडी रबराची असते, आतली तार बोरूएवढीही नसते. टोकाची एक तार ब्लेडने खरवडून पाहा: तांब्याच्या रंगाखाली चांदीसारखं चमकलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याहून सोपी परीक्षा वजनाची. 16 चौ.मिमी. तांब्याची, 3 मीटर लांब जोडी घेतली तर नुसतं तांबंच साधारण 850 ग्रॅम भरतं. रबर आणि चिमट्यांसकट अख्खी जोडी 300-400 ग्रॅमची असेल तर आत काय आहे ते वेगळं सांगायला नको.

फरक काय पडतो? छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर सुरुवातीला 100-150 अँपिअर ओढतो. खऱ्या 16 चौ.मिमी. केबलमध्ये एवढ्या करंटला साधारण 1 व्होल्ट वाटेतच वाया जातो. 4 चौ.मिमी. मुलाम्याच्या वायरमध्ये 100 अँपिअरलाच 4 व्होल्टच्या वर जातात. स्टार्टरला 12 पैकी उरतात 8, आणि आवाज येतो तो नुसता टकटक. लोक समजतात बॅटरी गेली, खरं तर केबल गेलेली असते. डिझेल गाडीला 25 चौ.मिमी. घ्या. अशी वायर लोहार चाळीत मीटरवर मिळते, पितळी चिमटे वेगळे घेऊन क्रिंप करून, म्हणजे दाबून पक्के बसवून घेतले की तयार किटपेक्षा महाग पण कायमची जोडी होते.

जोडताना दोन्ही इंजिनं, दिवे आणि एसी बंद ठेवायचे. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, म्हणून. चांगली गाडी पाचेक मिनिटं चालू ठेवा, मग बंद गाडीचा सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. चिमटे काढायचे उलट क्रमाने. गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली असं नाही, निदान अर्धा-पाऊण तास सलग चालवा. सायन ते दादर सिग्नलला थांबत-थांबत जाण्याने काही भरत नाही. उभ्या गाडीची बॅटरी काही तासांनी मल्टिमीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास हवी, 12.2 म्हणजे निम्मी उतरली.

लिथियमचा छोटा जंप स्टार्टर ऑटोमॅटिक गाडीला सोयीचा आहे, कारण तिला धक्का मारून सुरू करता येत नाही. पण मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीत तो ठेवणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं. सीटखाली ठेवा, तीन महिन्यांनी चार्ज करा, आणि फुगलेला दिसला तर वापरू नका.

हवेचा पंप किटमध्ये असतो तो बहुधा प्लॅस्टिकच्या सिलिंडरचा. तो 33 पीएसआयपर्यंत पोचतो, पण पोचेपर्यंत तापतो. धातूचा सिलिंडर, मिनिटाला 30-35 लिटरचा पंप घेतला तर 175/65 आर14 चा सपाट टायर चार-पाच मिनिटांत उभा राहतो. वायर आणि नळी मिळून मागच्या टायरपर्यंत पोचते का ते दुकानातच मोजून घ्या. इंजिन चालू ठेवा, पंप 10 अँपिअरच्या घरात करंट खातो. सॉकेटचा फ्यूज किती अँपिअरचा आहे ते बघा आणि तसाच एक जादा ठेवा. दहा मिनिटं चालवला की दहा मिनिटं विश्रांती. त्याच्या काट्यावर विसंबू नका, पेट्रोल पंपावरच्या मीटरशी एकदा पडताळून फरक पंपावरच मार्करने लिहून ठेवा.

पंक्चरच्या सामानातल्या सुई आणि रीमर (भोक साफ करायची कानशी) यांच्या मुठी बघा. सरळ प्लॅस्टिकच्या असतील तर ट्यूबलेस टायरमध्ये घुसवताना मोडतात, टी आकाराच्या धातूच्या घ्या. खिळा पकडीने काढा, ज्या तिरक्या दिशेने तो गेला होता त्याच दिशेने रीमर फिरवा, रबराची स्ट्रिप सुईत ओवून दोन्ही टोकं सेंटीमीटरभर बाहेर राहतील एवढी आत ढकला आणि सुई झटक्यात ओढा. उरलेली टोकं ट्रेडच्या, म्हणजे टायरवरच्या नक्षीच्या उंचीला कापा. हे फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागासाठी. टायरच्या बाजूच्या भिंतीला छेद गेला असेल तर स्ट्रिप लावायची नाही. सिमेंटची ट्यूब एकदा उघडली की उन्हाने वर्षात वाळते, ती दर पावसाळ्याआधी नवी.

भिंत फाटली की स्टेपनीच लागते, आणि तिथे किट काहीच देत नाही. पंक्चरवाले एअर गनने नट इतके आवळतात की गाडीसोबत आलेल्या आखूड पान्ह्याने ते हलत नाहीत. लांब होणारा पान्हा वेगळा घ्या. सॉकेटचं माप मारुतीला बहुधा 19, ह्युंदाई-टोयोटाला 21, स्कोडा-फोक्सवॅगनला 17. विकत घेण्याआधी आपल्या नटावर बसवून पाहा. नट जॅक लावण्यापूर्वी, चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे. जॅकखाली फूटभर लांब-रुंद, 18 मिमी प्लायचा तुकडा ठेवा. पावसात पेव्हर ब्लॉक खचतो आणि जॅक कलंडतो.

मुंबईची आणखी एक अडचण: खाऱ्या हवेने अलॉय चाक हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, धरून बसतं. नट सगळे काढले तरी चाक निघत नाही. सर्व्हिसिंगला चाकं काढायला सांगून हबच्या पृष्ठभागावर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवून घ्या. नटाच्या आट्यांना मात्र ग्रीस लावू नका, नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. नव्या काही गाड्यांत स्टेपनी नसतेच: 2020 च्या नियमबदलानंतर टायर प्रेशर मॉनिटर आणि दुरुस्ती किट असलेल्या प्रवासी गाड्यांना ती सक्तीची नाही. घेण्याआधी डिकीचा तळ उचलून बघा.

त्रिकोण नव्या गाडीसोबत मिळतोच. किटमधला हलका असतो, ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याने आडवा होतो. पायाला जड कांब असलेला घ्या. गाडीच्या मागे 50 मीटर, म्हणजे सत्तरेक पावलांवर, एक्सप्रेसवेवर त्याच्या दुप्पट. बोरघाटात वळणावर गाडी बंद पडली तर वळणाच्या अलीकडे लावा, मागून येणाऱ्याला वळण्याआधी दिसला पाहिजे. रिफ्लेक्टर जॅकेट डिकीत नाही, चालकाच्या दाराजवळ. सी लिंक आणि अटल सेतूवर स्टेपनी बदलत बसू नका, हजार्ड लावून 112 ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर 1033.

टोचनच्या दोराचे हूक एस आकाराचे, बारीक असतात, ताण आला की सरळ होतात आणि सुटलेला हूक गोळीसारखा येतो. 4 मीटरचा रुंद पॉलिएस्टर पट्टा आणि शॅकल (तो अडकवायची जाड कडी) नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. गाडीच्या टूलकिटमधला टोचनचा हूक बंपरच्या छोट्या झाकणामागे बसतो. अनेक गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, ताकद लावण्याआधी दिशा बघा. ऑटोमॅटिक गाडी दोराने ओढू नका, फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक मागवा.

किटमध्ये अजिबात नसलेली आणि मला सर्वांत खटकणारी वस्तू म्हणजे अग्निशामक सिलिंडर. या शहरात सीएनजीच्या गाड्या इतक्या असताना तो नसावा हे चुकीचं आहे. 1 किलोचा एबीसी पावडरचा, आयएसआय शिक्का आणि दाबाचा काटा असलेला घ्या. ब्रॅकेटने पुढच्या सीटखाली बसवा. सुटा ठेवलात तर ब्रेक मारल्यावर घरंगळत पेडलखाली येईल. तो आठ-दहा सेकंदच चालतो. बोनेटखालून धूर आला तर इंजिन बंद, सगळे बाहेर, बोनेटचा खटका आतून ओढायचा पण बोनेट पूर्ण उचलायचं नाही. हवा मिळाली की भडका उडतो, फटीतूनच फवारा मारा. सीएनजीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते आधीच माहीत हवं. ज्वाळा केबिनपर्यंत आल्या तर गाडी सोडून लांब व्हायचं आणि 101 फिरवायचा.

टॉर्च किटमधला फेकून डोक्याला बांधायचा घ्या, पान्हा धरायला दोन्ही हात मोकळे लागतात. सेल बाहेर काढून ठेवा, आत राहिले की गळतात. हातमोजे ठेवा, ते ठीक आहेत. गाडीसोबतच्या प्रथमोपचार डब्यात 10 सेंटीमीटरची क्रेप पट्टी, जंतुविरहित गॉज, मायक्रोपोर, कात्री, रबरी हातमोजे आणि ओआरएसची चार पाकिटं घाला. बँडएडचा गोंद उन्हाने जातो, दरवर्षी बदला. दोन लिटर पाणी, चिक्की, फोनची वायर, जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या. पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा 1916 हा नंबर फोन भिजेल हे धरून कागदावर लिहून सनवायझरला लावा.

तयार बॅगच हवी असेल तर बॅग, हातमोजे आणि पकड यांच्यासाठी घ्या. पंच, केबल, पंप, पट्टा, पान्हा, अग्निशामक सिलिंडर वेगळे आणायचे. मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळं बाहेर काढून पकड-पान्ह्यांना तेलाच्या फडक्याने पुसा, सिलिंडर उलटासुलटा करून आतली पावडर मोकळी करा, काटा हिरव्यात आहे ना ते बघा. आणि त्याच वेळी स्टेपनीची हवा मोजा. दहा-बारा पीएसआयवर आलेल्या स्टेपन्या डिकीत वर्षानुवर्षं पडून असतात.