सशाच्या दातांचं ऑपरेशन झाल्यावर: रात्री क्लिनिकमध्ये ठेवायचं की घरी आणायचं, आणि आणलं तर काय भरवायचं

डॉक्टरांनी सशाच्या वाढलेल्या दाढा घासून कमी करायला सांगितल्या, भूल द्यावी लागेल म्हणाले, आणि वर विचारलं की रात्री इथेच ठेवायचं की घरी नेताय. इथे बरेच जण अडकतात कारण उत्तर लगेच द्यायचं असतं आणि घरच्यांची मतं दोन्हीकडची असतात. आईला वाटतं दवाखान्यात बरं, निदान डॉक्टर तरी असतील. पण असतात का? पहिला प्रश्न तोच विचारा. रात्री 11 नंतर तिथे जागं कोण असतं? डॉक्टर, असिस्टंट की फक्त खालचा वॉचमन?

आता हे एवढं का महत्त्वाचं ते सांगतो. ब्रिटनमध्ये 2002 ते 2004 या काळात भूल दिलेल्या प्राण्यांची एक मोठी पाहणी झाली होती, त्यात सशांमधलं मृत्यूचं प्रमाण 1.39 टक्के निघालं, मांजरांचं 0.24 आणि कुत्र्यांचं 0.17. आजारी सशांचं तर 7 टक्क्यांच्या वर होतं. आकडा बघून घाबरून ऑपरेशनच रद्द करू नका, तोंडात काटे (वाढलेल्या दाढांची टोचणारी टोकं) आलेला ससा न खाताच जाईल, तो जास्त वाईट मार्ग आहे. त्या पाहणीतला कामाचा मुद्दा वेगळाच आहे, सशांचे निम्म्याहून जास्त मृत्यू टेबलावर नाही तर नंतर झाले, आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन तासांतले. म्हणजे पहिले काही तास क्लिनिकचे, यात वाद नको. ऑपरेशन संपलं, डोळे उघडले, घ्या बास्केट आणि निघा असं कोणी म्हणत असेल तर तिथेच बाकावर बसून राहा. अर्धवट शुद्धीतला, अंग गार पडलेला ससा रिक्षातून नेण्यापेक्षा तिथे गरम पॅडवर पडलेला बरा.

त्यानंतरच्या रात्रीचं मात्र माझं मत घराकडे झुकतं, फक्त दाढा घासल्या असतील तर. ससा हा शिकार होणारा प्राणी, शेजारच्या पिंजऱ्यात कुत्रा भुंकतोय, मांजर गुरगुरतंय, फिनाइलचा वास, ट्यूबलाइट चालू, अशात तो खाणार नाही, कोपऱ्यात दगडासारखा बसून राहील. आणि न खाणं हाच त्याचा खरा शत्रू आहे. सशाचं आतडं सतत चालू लागतं, दुखणं, भीती आणि भुलीची औषधं या तिन्हींनी ते मंदावतं, गॅस होतो, गॅसने अजून दुखतं, दुखतं म्हणून अजून खात नाही. 12 तास काहीच खाल्लं नाही तर ती इमर्जन्सी समजायची, उद्या सकाळी बघू असं नाही. घरी त्याचा कोपरा असतो, ओळखीचा वास असतो, आणि रात्री दोन वाजता सिरिंज घेऊन उठणारं कोणीतरी असतं. असतं ना? हे घरात आधीच ठरवा, कारण सगळ्यांना सकाळी आठची लोकल पकडायची असेल आणि उठणारं कोणीच नसेल तर घराचा सगळा फायदा संपला, मग दवाखानाच बरा.

क्लिनिकचं पारडं कधी जड होतं? पुढचे दात काढले असतील (सहा असतात बरं का, चार मोठे आणि वरच्यांच्या मागे लपलेले दोन बारके), दाढ काढली असेल, जबड्यात गळू होतं आणि ते उघडलं असेल, किंवा ससा आधीच दोन दिवस उपाशी आणि अशक्त असेल. अशा वेळी इंजेक्शनची जोरदार वेदनाशामकं, सलाइन, ऑक्सिजन हे घरी होत नाही. पण अट तीच, रात्रीचा माणूस हवा आणि त्याला ससा कळायला हवा. नुसतं कुलूप लावून जाणार असतील तर पैसे देऊन एकटं ठेवण्यात काय अर्थ आहे.

घरी नेण्याआधी तीन गोष्टी बघूनच पेमेंट करा. स्वतःच्या पायांवर सरळ बसतोय का, अंग गरम आहे का (नॉर्मल 101 ते 104 फॅरनहाइट, 100 च्या खाली असेल तर हलवू नका) आणि स्वतःहून किंवा सिरिंजने काहीतरी गिळलंय का. लेंड्या लगेच दिसल्या नाहीत तरी चालेल, पहिल्या दिवशी कमी आणि बारक्या येतात, पण दुसऱ्या सकाळपर्यंत एकही नाही म्हणजे फोन करायचा.

आता खाण्याचं. इथे भांडण दोन गोष्टींत असतं, क्रिटिकल केअर की घरचा लगदा. क्रिटिकल केअर म्हणजे ऑक्सबो कंपनीची पावडर, मुख्यतः टिमोथी गवताची बारीक पूड असते, कोमट पाण्यात कालवून सिरिंजने द्यायची. महाग आहे, ऑनलाइन मागवावी लागते, आणि पिनकोड टाकला की कधीकधी पाच दिवस दाखवतं, म्हणून ऑपरेशनच्या आधीच मागवून ठेवा. फायदा असा की तंतू भरपूर, आतड्याला जे लागतं तेच, आणि सिरिंजमध्ये फारसं अडकत नाही. साधारण हिशोब वजनाच्या दर किलोला दिवसाला 50 मिली तयार मिश्रण, म्हणजे दीड किलोचा ससा असेल तर 75 मिली, ते चार-पाच वेळात वाटून. तो स्वतः थोडं खायला लागला की त्या मानाने कमी करायचं, नक्की किती ते तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं धरा.

घरचा लगदा म्हणजे तो रोज खातो त्याच पेलेट्स (कोरड्या खाद्याच्या दाबलेल्या कांड्या) गरम पाण्यात भिजवून, मिक्सरला फिरवून, गाळून. स्वस्त, आणि चव ओळखीची असल्याने काही ससे हा पटकन घेतात. तोटा म्हणजे पेलेट चांगल्या नसतील, ते बिया आणि रंगीत दाणे मिसळलेलं मिक्स असेल, तर स्टार्च जास्त आणि तंतू कमी, आणि मंदावलेल्या आतड्यात स्टार्च गेला की गॅस. शिवाय सिरिंजचं तोंड सारखं चोंदतं, मग जोर लावला की एकदम पाच मिली तोंडात जातं आणि ते धोक्याचं. माझं म्हणाल तर पहिले दोन-तीन दिवस पावडर आणि लगदा बॅकअपला. पावडर नसेल आणि रात्र झाली असेल तर साध्या गवताच्या पेलेटचा लगदा उपाशीपेक्षा हजारपट बरा. पण सेरेलॅक नको, दूध असतं त्यात. दहीभात नको, बिस्किट नको. ग्राइप वॉटरही मनाने देऊ नका, शेजारच्या काकू कितीही म्हणाल्या तरी.

भरवायची पद्धत मात्र दोन्हीला एकच. टॉवेलमध्ये गुंडाळायचं, चारही पाय खाली, उताणं कधीच नाही. पुढच्या दातांमागे दोन्ही बाजूंना जी मोकळी जागा असते तिथून सिरिंज आडवी घालायची, एकेक मिली, चावून गिळू द्यायचं, मग पुढचा. समोरून सरळ घशाकडे सोडलं तर फुप्फुसात जाऊ शकतं. त्याने मान फिरवली तर थांबा, दोन मिनिटांनी परत.

वेदनाशामकाबद्दल लोकांचे दोन गट आहेत. एक म्हणतात दुखताना दिसलं तरच देऊ, उगाच औषधं कशाला, दुसरे डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला घड्याळ लावून देतात. इथे मी अजिबात मधला मार्ग सांगणार नाही, घड्याळवाले बरोबर आहेत. ससा दुखणं लपवतो, तुम्हाला दिसेपर्यंत त्याने खाणं बंद केलेलं असतं. 2012 साली तर सशाच्या चेहऱ्यावरून दुखणं मोजायची पट्टीच तयार झाली, अर्धवट मिटलेले डोळे, चपटे पडलेले गाल, टोकदार दिसणारं नाक, मिशांची ठेवण आणि मागे आवळून घेतलेले कान एवढं बघायचं. पाठ कुबडी करून बसणं आणि दात जोरात करकर वाजवणं हेही त्यातच धरा, लाड करताना येणारा हलका कटकट आवाज वेगळा. नेहमीचं औषध मेलॉक्सिकॅमचं सिरप, आणि याचा सशाचा डोस वजनामागे कुत्र्यापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे फक्त कुत्री-मांजरं बघणाऱ्याने अंदाजाने दिलं तर कमी पडतं. म्हणून डोस ससे बघणाऱ्या डॉक्टरांकडूनच घ्या, आणि घरातल्या माणसांच्या गोळ्या अर्ध्या करून देऊ नका.

अँटिबायोटिक लिहून दिलं असेल तर नाव वाचा. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन सशाला देत नाहीत, आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससाही जाऊ शकतो. मेडिकलवाला 'हेच चालतं सगळ्यांना' म्हणाला तर हसून परत या. एन्रोफ्लॉक्सासिन सशांना सहसा चालतं.

गवत की पाला? दोन्ही, पण क्रम उलटा लावा. पहिल्या दिवशी तोंड हुळहुळतं, लांब कडक टिमोथी तो ओढणार नाही, तिथे कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा आणि गाजराचा कोवळा पाला बारीक पट्ट्या करून ठेवा, ओला असला की पाणीही जातं पोटात. ताजी हरळी मिळाली, फवारणी नसलेल्या जागेची, तर त्याहून उत्तम. केळ्याचा नखाएवढा तुकडा फक्त आमिष म्हणून. पाणी बाटलीतून चोखायला त्रास होतो, पसरट जड वाटी द्या. पण दोन-तीन दिवसांनी गवताकडे वळवायलाच हवं कारण दात वाढायचे थांबत नाहीत, पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलीमीटर वाढतात, आणि दाढा घासल्या जातात त्या गवत आडवं-आडवं चावूनच, पेलेटने नाही आणि पोळीने तर नाहीच. पुढचे दात काढलेल्यांना मात्र सगळं कायम कापूनच द्यावं लागेल, ओठांनी उचलून खायला ते छान शिकतात.

जोडीदार ससा असेल तर वेगळं ठेवायचा मोह होतो, शांतता मिळेल म्हणून. उलट असतं शक्यतो. जोडीदार शेजारी खायला लागला की हाही तोंड घालतो. फक्त दवाखान्याचा वास लागलेला असतो म्हणून पहिला तासभर लक्ष ठेवा, काही जोड्या भांडतात, मग मध्ये जाळी. त्यांचं चांगलं जमत असेल तर दोघांनाही क्लिनिकला नेणं हा त्याहून सोपा उपाय. तोटा एकच, लेंड्या कोणाच्या ते कळत नाही.

ऊब किती हा मोसमाचा प्रश्न आहे. पुण्यातल्या डिसेंबरात गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका बाजूला, म्हणजे नको असेल तर तो सरकू शकेल. मे महिन्यात नागपूर-अकोल्याला भूल पूर्ण उतरल्यावर तीच बाटली जीवघेणी, तिथे पंखा आणि ओलसर फरशी. भुसा मात्र कुठेच नको, तोंडातल्या जखमेला चिकटतो, साधा जुना टॉवेल घाला.

उपाशी ठेवायचा प्रश्न खरं तर ऑपरेशनच्या आधीचा आहे पण सगळं बिघडतं इथूनच. 'रात्रीपासून काही देऊ नका' हा कुत्र्या-मांजरांचा नियम, ससा ओकूच शकत नाही, त्यामुळे त्याला रात्रभर उपाशी ठेवायची गरज नसते. तोंड रिकामं असावं म्हणून फार तर तास-दोन तास. क्लिनिकने फोनवर रात्रभर उपाशी सांगितलं तर एकदा शांतपणे विचारा की हे सशासाठीच सांगताय ना, उत्तरावरून बरंच कळतं.

आणि वेळ निवडता येत असेल तर सोमवार-मंगळवारची सकाळची घ्या. सकाळी झालं की ते पहिले तास दिवसाउजेडी क्लिनिकमध्ये जातात, संध्याकाळी घरी येऊन रात्रीत दोन फीड होतात, आणि दुसऱ्या दिवशी काही वाटलं तर डॉक्टर जागेवर असतात. शनिवारी संध्याकाळची अपॉइंटमेंट रिकामी आहे म्हणून घेऊ नका, रविवारी फोन कोण उचलणार आहे ते आधी विचारा.