ठाण्यात घेतलेला सिग्नल जनरेटर: कॉइलच्या प्रयोगांतील आठ महिन्यांचा अनुभव

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, नौपाड्याच्या बाजूच्या एका गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचे एक जुने दुकान आहे, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापर्यंतची फेरी वाचवण्यासाठी ऐरोली-घणसोलीकडचे आमच्यासारखे हौशी लोक तिथेच जातात. आठ महिन्यांपूर्वी मी तिथून दोन चॅनेलचा, ६० मेगाहर्ट्झ असे ठसठशीत लेबल असलेला चिनी बनावटीचा सिग्नल जनरेटर (हव्या त्या वारंवारतेचा विद्युत तरंग तयार करणारे यंत्र) ९,४०० रुपयांना पक्क्या बिलासह घेतला. घरातील बंद केलेल्या गॅलरीत मी टेस्ला कॉइल (उच्च दाबाची वीज तयार करणारी तारेची गुंडाळी), चपटी दुहेरी तारेची कॉइल आणि बिनतारी वीज पोहोचवण्याचे छोटे प्रयोग करतो, आणि या कामासाठी जनरेटर निवडताना नेमके काय पाहावे, याबद्दल दुकानातही बराच गैरसमज आढळला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गैरसमजाची सुरुवात काउंटरवरूनच होते. माझ्या आधी उभ्या असलेल्या एका तरुणाला 'एनर्जी कॉइल'साठी ७.८३ हर्ट्झवर कायमचे बसवलेले एक छोटे सर्किट दाखवले जात होते आणि हीच पृथ्वीची वारंवारता असल्यामुळे कॉइल बाहेरून ऊर्जा ओढून घेते, असे त्याला सांगितले जात होते. हा आकडा खोटा नाही. पृथ्वी आणि आयनांबर (वरच्या वातावरणातील विद्युतभारित थर) यांच्यामधील पोकळीत विजांमुळे उठणाऱ्या लहरींचा हा मूळ अनुनाद, म्हणजे लहर आपोआप जोर धरते ती वारंवारता, असून विनफ्रीड शूमान यांनी १९५२ साली त्याचे भाकीत केले होते. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण साडेसात फेऱ्या, इतका साधा त्यामागचा हिशेब आहे. मात्र पृथ्वीएवढ्या पोकळीचा आकडा चार इंची पाइपावरच्या कॉइलला लावला की काय होते, ते माझ्याच कॉइलवर पाहता येईल. ११० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपावर ०.३ मिलिमीटर जाडीच्या एनॅमल तारेचे ९०० वेढे घेतले, तर इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा कॉइलचा गुण) सुमारे २७ मिलिहेन्री भरतो आणि तारेची लांबी ३०० मीटरच्या वर जाते. ७.८३ हर्ट्झला या कॉइलचा प्रेरणिक विरोध जेमतेम १.३ ओहम असतो, तर तारेचा स्वतःचा रोध ७५ ओहमच्या आसपास असतो. म्हणजे त्या वारंवारतेला ती कॉइल नसून नुसती लांब तार असते. काही जण 'पवित्र' मानतात त्या ४३२ आणि ५२८ हर्ट्झच्या आकड्यांनाही कॉइल तिच्या अनुनादापासून फार दूरच असते.

वारंवारता कॉइलच सांगते. आपण ती शोधायची असते. वरील कॉइलची स्वतःची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) साडेसहा पिकोफॅरडच्या जवळपास येते, त्यावरून अनुनादाची वारंवारता सुमारे ३८० किलोहर्ट्झ निघते, आणि प्रत्यक्षात मला ती ३७१ ला मिळाली. वर लाडवांचा स्टीलचा डबा ठेवताच ती २६८ वर उतरली. हे मोजताना ऑसिलोस्कोपचा (तरंग पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा) प्रोब कॉइलच्या टोकाला कधीही चिकटवू नये, कारण प्रोबची स्वतःची धारिता दहा-पंधरा पिकोफॅरड असते आणि ती लागली की आपण दुसऱ्याच कॉइलचे मोजमाप घेत बसतो. मी प्रोब वीतभर लांब नुसता उभा ठेवतो. जनरेटरवर ३०० ते ४५० किलोहर्ट्झचा दहा सेकंदांचा स्वीप लावला, म्हणजे वारंवारता सलग सरकवली, की पडद्यावरची बारीक रेघ हळूहळू जाड होत जाते, ३७१ पाशी एकदम फुगते आणि लगेच बसते. त्या क्षणी कॉइलजवळ तळहात नेला तर फुगवटा दोन-तीन किलोहर्ट्झ खाली सरकलेला स्पष्ट दिसतो.

हा फुगवटा किती अरुंद आहे यावरच जनरेटरची निवड ठरते. माझ्या कॉइलची बँडविड्थ, म्हणजे या फुगवट्याची रुंदी, सुमारे २.४ किलोहर्ट्झ आहे. एक्सआर २२०६ या जुन्या आयसीवर बांधलेले किट चारशे-पाचशे रुपयांत मिळते आणि शिकण्यासाठी ते गोडही आहे, पण त्याच्या मुख्य नॉबच्या साधारण ३०० अंशांच्या फिरकीत १०० किलोहर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झ बसवले, तर एका अंशामागे ३ किलोहर्ट्झ सरकतात, म्हणजे नखाने नॉब हलवला तरी अनुनाद ओलांडून पुढे जातो. शिवाय सर्किट तापले की वारंवारताही सरकते. एडी ९८३३ या डिजिटल पद्धतीने तरंग बनवणाऱ्या आयसीचे मॉड्यूल याहून पुष्कळ बरे. २५ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर त्याची पायरी ०.१ हर्ट्झइतकी बारीक पडते, पण आउटपुट जेमतेम ०.६ व्होल्ट असल्यामुळे पुढे अँप्लिफायर लावावा लागतो आणि हाताशी मायक्रोकंट्रोलर हवा. मी घेतलेल्या जनरेटरमध्ये बारीक पायरी, स्वीप आणि पडद्यावर स्थिर राहणारा आकडा या तिन्ही गोष्टी आहेत, आणि पैसे खरे तर त्यांचेच आहेत. ६० मेगाहर्ट्झचे लेबल फक्त साइन तरंगापुरते असते. माझे कोणतेही काम २ मेगाहर्ट्झच्या वर गेलेले नाही, त्यामुळे याच यंत्राचा कमी मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रकार मिळाला असता तर मी तोच घेतला असता.

आता दोष. यंत्राला टू-पिनची वायर आहे, म्हणजे अर्थिंग नाही. पहिल्याच दिवशी आउटपुटच्या बीएनसी सॉकेटचे बाहेरचे कडे ऑसिलोस्कोपच्या अर्थला लावताना बारीक ठिणगी दिसली, आणि मल्टिमीटरने मोजले तेव्हा कडे व अर्थ यांच्यात ९० व्होल्ट एसी भरले. आतल्या पॉवर सप्लायमधील गाळणीच्या कपॅसिटरमधून येणारा हा गळतीचा प्रवाह अगदी थोडा असतो, हाताला नुसती मुंगी येते. पण मॉसफेटचे (कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरचे) गेट, म्हणजे नियंत्रणाचे टोक, २० व्होल्टच्या पुढे टिकत नाही, आणि माझे दोन मॉसफेट कारण कळण्यापूर्वीच गेले. नंतर मी थ्री-पिनची वायर घेऊन आउटपुटचे कडे अर्थला जोडून घेतले. दुकानदाराला हे दाखवले तेव्हा 'साहेब, सगळेच असे येतात' असे उत्तर मिळाले. ते खोटे नसेलही, परंतु विकण्यापूर्वी एवढे सांगायला हरकत नव्हती.

दुसरी गोष्ट दोष नव्हे, तरी तिच्यावरूनच सर्वाधिक यंत्रे परत येत असावीत. या जनरेटरचा आउटपुट रोध ५० ओहम आहे. पडद्यावर २० व्होल्ट (शिखरापासून शिखरापर्यंत) दिसत असले, तरी ५० ओहमच्या लोडवर त्यातले १० उरतात आणि हाती पाव वॅट शक्ती येते. पाच वेढ्यांची प्रायमरी (मोठ्या कॉइलला वीज देणारी छोटी कॉइल) थेट जोडणारा माणूस यंत्राला जवळपास शॉर्टच करत असतो आणि मग कॉइल चालत नाही म्हणून यंत्राला दोष देतो. जनरेटरने फक्त ताल धरायचा, ताकद पुढच्या टप्प्याने लावायची. मधे थेट मॉसफेट ठेवूनही पूर्णपणे भागत नाही. आयआरएफ ५४० चे गेट भरायला सुमारे ७० नॅनोकूलॉम्ब लागतात, आणि १० व्होल्टवर ५० ओहममधून जास्तीत जास्त २०० मिलिअँपिअर मिळत असल्यामुळे त्यात सुमारे ०.३५ मायक्रोसेकंद किंवा त्याहून जास्त वेळ जातो, तोही २.७ मायक्रोसेकंदांच्या एका आवर्तनात दोनदा. मॉसफेट अर्धवट उघडा राहून तापतो. टीसी ४४२० हा गेट ड्रायव्हर (गेटला झटपट भरपूर प्रवाह देणारी आयसी) मधे टाकल्यावर त्याच हीटसिंकवर बोट ठेवता येऊ लागले.

त्या दुकानात कॉइलला दिलेल्या विजेच्या 'तिप्पट आउटपुट' मिळाल्याचे सांगणारेही भेटतात, आणि त्यांच्या हातात बहुधा साधा मल्टिमीटर असतो. अशा स्वस्त मीटरचा एसी पट्टा ४० ते ४०० हर्ट्झपुरताच खात्रीचा असतो. ३७० किलोहर्ट्झला तो दाखवील तो आकडा करमणुकीचा समजावा. ज्यांना खरोखर तपासायचे आहे त्यांनी लोडचा रेझिस्टर १०० मिलिलिटर पाण्यात बुडवून थर्मामीटर लावावा, कारण ते पाणी एक अंश तापायला सुमारे ४१८ ज्यूल लागतात, आणि फेज, तरंगाचा आकार अशा कशाचाही त्यात घोळ होत नाही. माझे पाणी दर वेळी कॉइल चालवणाऱ्या बॅटरीतून गेलेल्या ऊर्जेपेक्षा कमीच तापले.

सोबत मिळालेली मगरी क्लिपांची केबल दुसऱ्या महिन्यात तुटली. ती दुकानाने कुरकुर न करता बदलून दिली, तरी मी आरजी ५८ ची केबल स्वतः सोल्डर करून वापरतो. ड्रायव्हरमधून निघणाऱ्या चौकोनी तरंगाबाबत मात्र दुकान किंवा यंत्र दोघांनाही बोल लावता येत नाही. एकदा डब्याऐवजी लहान वाटी ठेवून कॉइल ३४८ किलोहर्ट्झवर आणली होती आणि ड्रायव्हर तासभर चालू होता, तेवढ्यात शेजारचे काका रेडिओ हातात घेऊनच दारात आले, कारण आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर सारखी शीळ वाजत होती. ते केंद्र १०४४ किलोहर्ट्झवर आहे, म्हणजे बरोबर तिप्पट. चौकोनी तरंगात मूळ वारंवारतेच्या तिपटीचा घटक असतोच. तेव्हापासून वाटी स्वयंपाकघरात परत गेली आहे आणि काकांच्या बातम्यांच्या वेळी गॅलरीतला स्विच बंद असतो.